आईची घार (उर्फ आमच्या घरामागचा बाल्ड ईगल)

पारिजातक
१४ जानेवारी २०२५, सकाळी ९.४०

तिळगूळ घ्या, गोड बोला मंडळी! खूप दिवसांनी लिहितेय. बाळंतपणाच्या रजेवर आहे, लेक २४ दिवसांची आहे आणि हे सगळं एका हाताने टाइप करतेय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला.

आम्ही न्यू जर्सीत हिल्सबरोला राहतो. आई गुहागरहून डिसेंबरात आली. पहाटे बाळाला खांद्यावर घेऊन ती स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीशी उभी असते. मागे थोडं मोकळं रान, मग झाडांची रांग, तिच्यापलीकडे रॅरिटन नदी. आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात म्हणाली, "तुमच्याकडच्या घारी केवढाल्या गो!" मी म्हटलं, आई, इथे घारी नसतात, ती गिधाडं. टर्की व्हल्चर आमच्याकडे पैशाला पासरी. ती म्हणाली, "गिधाडाचं डोकं पांढरं असतं?" मी म्हटलं, बर्फ पडला असेल. हो, खरंच असं म्हटलं मी. तीन आठवडे सलग झोप नसली की माणूस काय वाट्टेल ते बोलतो.

असं तीनदा झालं. शेवटी परवा नवऱ्याने दुर्बीण शोधून काढली. नदीकाठच्या सिकमोरवर (पांढऱ्या सालीचं झाड, हिवाळ्यात भुतासारखं दिसतं) अगदी वरच्या फांदीवर महाराज बसले होते. पांढरं डोकं, पिवळीधम्मक चोच, खाली पांढरी शेपूट. बाल्ड ईगल! नऊ वर्षं इथे राहून मला एकदा दिसला नाही, आणि आईला येऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोवर दिसला. ती आता दर तासाला "मी म्हटलं नव्हतं?" म्हणतेय.

जाणकारांना प्रश्न:
हा इथलाच की थंडीपुरता आलेला? त्याच्यासोबत तेवढाच मोठा, पण संपूर्ण तपकिरी पक्षी दोनदा दिसला. ती मादी का? की गोल्डन ईगल? आणि तुम्हाला कुणाला घराजवळ दिसतात का? लिहा. रात्री २ ला आणि ४ ला मी जागीच असते, वाचेन.

खारूताई
१४ जानेवारी, १०.०५

दोन्ही बातम्यांबद्दल अभिनंदन. 'बर्फ पडला असेल' वाचून हसून हसून पुरेवाट झाली. आईंना माझा नमस्कार.

भटक्या_जर्सी
१४ जानेवारी, ११.३०

मस्त धागा. सगळ्यात आधी तुमच्या तपकिरी पक्ष्याबद्दल.

ती मादी नाही. नर-मादी दिसायला सारखेच असतात, मादी फक्त आकाराने मोठी. तुम्हाला दिसला तो बहुतेक त्याच जातीचा लहान पक्षी. बाल्ड ईगलचं डोकं पांढरं व्हायला साधारण पाच वर्षं लागतात. पहिल्या वर्षी तो गडद तपकिरी असतो, चोचसुद्धा काळपट. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पोटावर आणि पंखांखाली पांढरे डाग, कुणी चुन्याची पिचकारी मारल्यासारखे. चौथ्या वर्षी डोकं मळकट पांढरं, डोळ्यातून मागे जाणारी काळसर पट्टी, आणि ती बघून लोक त्याला ऑस्प्रे (मासे पकडणारा दुसरा शिकारी पक्षी) समजतात. मग कुठे पाचव्या वर्षी डॉलरच्या नोटेवरचं चित्र.

यामुळे होतं काय, लोक पांढरं डोकं शोधतात आणि बाकीचे सगळे 'कुठलातरी ससाणा' म्हणून सोडून देतात. नऊ वर्षांत तुम्हाला एकही दिसला नाही यावर माझा विश्वास नाही. दिसले असणार, ओळखले नसणार. मी स्वतः चार वर्षं एका तळ्यावर 'मोठा हॉक' म्हणून वहीत नोंद करत होतो.

गोल्डन ईगल आपल्या भागात क्वचित. त्याचे पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले असतात. बाल्ड ईगलचा नडगीचा भाग उघडा, पिवळा. हा मुळात मासे खाणारा पक्षी, पाण्यात पाय घालायचे तर पिसं भिजवून कसं चालेल.

उडताना ओळखायची सोपी खूण. गिधाड पंख इंग्रजी व्ही सारखे उचलून धरतं आणि दारू प्यायल्यासारखं डुलत जातं. बाल्ड ईगल पंख सरळ, सपाट धरतो. आकाशात कुणी फळी सोडलीय असं वाटलं की तो. पंखांचा पसारा सहा ते साडेसात फूट.

तुमच्या इथे तो रहिवासीही असू शकतो आणि पाहुणाही. उत्तरेकडे तळी गोठली की तिकडचे पक्षी वाहत्या पाण्याच्या शोधात खाली येतात. पण तुमच्या हिल्सबरोतच ड्यूक फार्म्समध्ये बाल्ड ईगलचं घरटं आहे आणि त्यावर २००८ पासून कॅमेरा आहे! २०१२ च्या सँडी वादळात ते झाड मोडलं, तर त्या जोडीने जवळच दुसऱ्या झाडावर नवं घरटं बांधलं. कॅमेऱ्यावर जगभरातले लोक बघतात आणि गावातल्यांना पत्ता नसतो.

पारिजातक
१५ जानेवारी, पहाटे ४.१२

काय सांगता! ड्यूक फार्म्सला आम्ही दर वर्षी सायकली घेऊन जातो. मान खाली घालून, अर्थात.

आईला 'लहान पक्षी' सांगितलं. ती म्हणाली, "मग? पोर आहे ते. मला वाटलंच, मोठा त्याच्यावर खेकसत होता."

टिवल्याबावल्या
१५ जानेवारी, ९.२०

अवांतर: मराठीत याला टकला गरुड म्हणायचं का? आमच्या साहेबांचा फोटो डोळ्यासमोर आला.

अरुंधती_के
१५ जानेवारी, ९.४८

टिवल्या, टकला नाही तो! डोक्यावर भरपूर पिसं आहेत. जुन्या इंग्रजीत 'बाल्ड' या शब्दाचा अर्थ पांढरा, पांढऱ्या ठिपक्याचा असा होता. आपल्याकडे कपाळावर पांढरं असलेल्या बैलाला चांद्या म्हणतात ना, त्या चालीचा शब्द. नंतर जुना अर्थ विसरला गेला आणि बिचाऱ्याला टक्कल पडलं.

खरं टक्कल टर्की गिधाडाला. मेलेल्या जनावरात डोकं खुपसायचं असतं, पिसं असती तर रोज न्हावं लागलं असतं.

टिवल्याबावल्या
१५ जानेवारी, ९.५५

चांद्या गरुड. ठरलं. साहेब सुटले.

दापोलीकर
१५ जानेवारी, रात्री ८.३०

पारिजातक, तुमच्या आईंना तो आधी दिसला यात मला काही नवल वाटलं नाही. कोकणच्या किनाऱ्यावरचं माणूस आहे ते. आमच्याकडे ब्राह्मणी घार रोज डोक्यावर असते. पांढरं डोकं, पांढरी छाती, बाकी अंग विटकरी. लांबून बाल्ड ईगलची धाकटी आवृत्तीच, फक्त आकार निम्म्याहून कमी. पांढरं डोकं बघून त्यांना 'घार' सुचली ती तिथूनच.

पण बाल्ड ईगलचा खरा जवळचा नातलग आपल्याकडे आहे तो समुद्रगरुड, पांढऱ्या पोटाचा. आमच्याकडे जुनी माणसं काकण म्हणतात. तोही मासे खातो, समुद्रसापही. त्याचंही पिल्लू तपकिरी, त्याचंही घरटं उंच झाडावर काटक्यांचा हा मोठा ढीग, आणि तेच घरटं दर वर्षी डागडुजी करून वापरायचं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने किनाऱ्यावरच्या त्याच्या घरट्यांचा अभ्यास केला आहे. वेळासचं कासव आज सगळ्यांना माहीत आहे, पण त्या कासवांच्या कामाची सुरुवात या गरुडामुळे झाली. २००२ मध्ये ही मंडळी गरुडाची घरटी बघत किनाऱ्यावर फिरत असताना त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली, आणि पुढचं सगळं तिथून.

आईंना विचारा, त्यांच्या गावी सुरूच्या किंवा आंब्याच्या शेंड्यावर असं घरटं बघितलंय का.

पारिजातक
१६ जानेवारी, पहाटे २.३५

विचारलं. बघितलंय. तिच्या माहेरी भाटल्यातल्या आंब्यावर होतं, आणि त्या आंब्याचे आंबे कुणी उतरवायचे नाहीत असं आजोबांनी सांगून ठेवलं होतं. मी हे आज पहिल्यांदा ऐकलं.

लेन्सवाला
१६ जानेवारी, १०.१०

नमस्कार. मी एडिसनला असतो, फोटोग्राफी करतो. घरट्याची नेमकी जागा देऊ शकाल का? इथे नको असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. घरामागेच आहे म्हणजे बर्ड-ब्लाइंड (लपून बसायचा आडोसा) लावून चांगले फोटो मिळतील. ड्रोनही आहे.

भटक्या_जर्सी
१६ जानेवारी, १०.४०

पारिजातक, कृपया देऊ नका. ना इथे, ना व्यनित.

लेन्सवाला, राग मानू नका. न्यू जर्सीत हे पक्षी जानेवारीअखेर ते मार्चपर्यंत अंडी घालतात. अंडी ३५ दिवस उबवावी लागतात आणि बाहेर तापमान शून्याखाली. तुमच्या ड्रोनला घाबरून आई उठली आणि बराच वेळ परतली नाही, तर अंडी थंड पडली, खेळ खलास. घरट्यापासून पायी माणसाने निदान ३३० फूट लांब राहावं अशी फेडरल मार्गदर्शक सूचना आहे. ड्रोनने घरट्याला त्रास झाला तर तो गुन्हा आहे.

लेन्सवाला
१६ जानेवारी, ११.०२

"कृपया देऊ नका"
सार्वजनिक रस्त्यावरून दिसणारी गोष्ट लपवण्यात काय अर्थ आहे? आणि तुम्ही वर ड्यूक फार्म्सचं नाव लिहिलंतच की. तिथे तर कॅमेरा आहे. एक नियम तुम्हाला, एक मला?

भटक्या_जर्सी
१६ जानेवारी, ११.३५

ड्यूक फार्म्सचं घरटं जगजाहीर आहे आणि त्याभोवतीचा भाग त्या काळात बंद ठेवतात. लोकांच्या परसातली घरटी तशी नाहीत. आणि हो, थोडा भावनिक आहे मी याबाबतीत, कारण सांगतो. लांबण लागेल.

१९६३ साली अलास्का सोडून खालच्या ४८ राज्यांत मिळून बाल्ड ईगलच्या ४१७ जोड्या उरल्या होत्या. डीडीटी हे कीटकनाशक पाण्यातून माशांत, माशांतून यांच्या पोटात. त्याने मादीच्या अंड्याचं कवच इतकं पातळ व्हायचं की उबवायला बसली की तिच्याच वजनाने अंडं फुटायचं. सत्तरच्या दशकात आपल्या न्यू जर्सीत एक, अक्षरशः एक घरटं उरलं होतं, दक्षिणेत कंबरलँड काउंटीत. त्यातही वर्षानुवर्षं पिल्लू नाही. शेवटी १९८२ मध्ये तिथलं अंडं काढून कृत्रिम उबवणी केली, पक्ष्यांना नादी लावायला खोटं अंडं ठेवलं, आणि पिल्लू झाल्यावर ते पुन्हा घरट्यात नेऊन दिलं. पुढे कॅनडातून ६० पिल्लं आणून, उंच मचाणांवर वाढवून, आठ वर्षांत टप्प्याटप्प्याने सोडली. त्यांना खाऊ घालायचा तो सुद्धा आडून, माणूस दिसता कामा नये.

डीडीटीवर बंदी आली १९७२ मध्ये. आज न्यू जर्सीत घरट्यांच्या अडीचशेच्या वर जोड्या आहेत, आणि याच महिन्यात राज्याने बाल्ड ईगलला धोक्यातल्या यादीतून काढलं. देशाच्या यादीतून तो २००७ मध्येच निघाला होता. २०१८-१९ च्या हंगामाच्या मोजणीत खालच्या ४८ राज्यांत ७१,४६७ जोड्या आणि एकूण सुमारे ३,१६,७०० पक्षी निघाले.

न्यू जर्सीत एका घरट्यावरून हे झालंय. प्रत्येक घरट्यावर स्वयंसेवक लक्ष ठेवून असतात, मी त्यातला एक. थंडीत तीन-तीन तास गाडीत बसून 'मादी उठली, नर बसला' एवढंच लिहितो. बायको म्हणते, घरच्या मादीने काय केलं ते कधी लिहून ठेवलंत का.

लेन्सवाला
१६ जानेवारी, दुपारी १.२०

ओके. ड्रोनचं मागे घेतो. एका घरट्याचं माहीत नव्हतं.

मग लांबून, रीतसर फोटो कुठे मिळतील?

सस्क्वेहानाकाठी
१६ जानेवारी, ५.१५

आमच्या मेरीलँडला या. कोनोविंगो धरण, सस्क्वेहाना नदीवर. तुमच्यापासून दोन-अडीच तास. नोव्हेंबर हा खरा महिना, पण आत्ताही दिसतील. धरणाच्या टर्बाइनमधून मासे गुंगलेले, अर्धमेले बाहेर पडतात आणि वर हे टपून बसलेले. आयतं ताट. दरवाजे उघडणार असले की भोंगा वाजतो आणि भोंगा झाला की सगळे फोटोग्राफर कॉफी टाकून तिवईकडे पळतात. त्यांच्या लेन्सा बघून माझी गाडी स्वस्त वाटली.

गाडीवरून आठवलं. तिथे काळी गिधाडं वाहनतळावर येऊन गाड्यांची रबरं खातात. माझे दोन्ही वायपर सोलले. मी वर गरुड बघत होतो आणि खाली गिधाडं आमची गाडी जेवत होती. जुनी चादर घेऊन जा, गाडीवर टाकायला.

मु_पो_मिलपिटास
१७ जानेवारी, पहाटे १.०५

आम्ही सगळ्यात सुखी मग. आमच्याकडे मिलपिटासमध्ये कर्टनर नावाच्या प्राथमिक शाळेच्या आवारात रेडवुडच्या झाडावर २०१७ पासून घरटं आहे. चहूबाजूंनी वस्ती, समोर बंगले, मुलांची ने-आण करणाऱ्या गाड्यांची रांग. मुलाला शाळेत सोडायला गेलेल्या आयांच्या गळ्यात दुर्बिणी. पिल्लं उडायच्या दिवसांत तर रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून लोक बसतात, नुसती जत्रा. त्यामुळे हा पक्षी रानावनातला, माणसाला बुजणारा वगैरे माझा समज पार गेला. त्याला मासे देणारं पाणी आणि बसायला तालेवार झाड मिळालं की पुरे.

गजा_सिअ‍ॅटल
१७ जानेवारी, १०.५०

आमच्या इथे तर कावळ्यांसारखे. शहरात ग्रीन लेकवर, लेक वॉशिंग्टनच्या काठी, कुठेही. मान वर करायचीही गरज नाही, कान उघडे ठेवा. कावळ्यांनी एकाच झाडाभोवती गोंगाट मांडला की शंभरातल्या पन्नास वेळा मध्ये गरुड तोंड पाडून बसलेला असतो. (उरलेल्या पन्नास वेळा घुबड.) एवढा बलदंड पक्षी, पण चार कावळे त्याला सळो की पळो करतात.

थव्याने बघायचे तर डिसेंबर-जानेवारीत स्कॅजिट नदीवर रॉकपोर्टला जावं. चम साल्मन मासे अंडी घालून तिथेच मरतात, त्यांच्या मढ्यांवर शेकड्यांनी गरुड येतात. वास असा असतो की आपलं सुकं बोंबील म्हणजे अत्तर.

व्हँकुव्हरची_वहिनी
१७ जानेवारी, दुपारी १२.३०

गजाभाऊ, सीमा ओलांडून या. ब्रॅकेनडेलला १९९४ साली एका दिवसात ३,७६९ मोजले होते. पण मी सगळ्यात जास्त कुठे बघितले सांगू? इथल्या डेल्टा शहराच्या कचरा डेपोवर. दिव्याच्या खांबांवर ओळीने बसलेले, खाली बुलडोझर, आणि प्लॅस्टिकची पिशवी कोण आधी फाडतो यावरून मारामाऱ्या. पाहुण्यांना राष्ट्रीय पक्षी दाखवायला तिथे न्यायला लाज वाटते. म्हणजे तुमच्या राष्ट्राचा, आमच्या नाही.

अरुंधती_के
१७ जानेवारी, १.१५

राष्ट्रीय पक्षी म्हणजे गंमतच आहे. १७८२ पासून तो अमेरिकेच्या राजमुद्रेवर आहे, पुढे नोटांवर, नाण्यांवर आला, सगळे त्याला राष्ट्रीय पक्षी म्हणतात, पण तसा कायदा झाला गेल्या महिन्यात, डिसेंबर २०२४ मध्ये! अडीचशे वर्षं साहेब बिनपगारी.

आणि बेंजामिन फ्रँकलिनला हा पसंत नव्हता. १७८४ मध्ये मुलीला लिहिलेल्या पत्रात त्याने तक्रार केलीय की हा वाईट चालीचा पक्षी आहे, स्वतः कष्ट करत नाही, ऑस्प्रेने धरलेला मासा हिसकावून खातो, आणि लहानसा पक्षी मागे लागला तर पळतो. गजाच्या कावळ्यांनी अडीचशे वर्षांनी पुरावा दिला.

ऑस्प्रे म्हणजे हिवाळ्यात आपल्या उजनीवर दिसतो तोच. बिचारा पाण्यात सूर मारून मासा काढतो आणि वर हा दादा हप्ता वसूल करायला हजर.

टिवल्याबावल्या
१७ जानेवारी, १.२२

गल्लीतला चांद्यादादा.

आवाज तरी भारदस्त असेल ना? सिनेमात डोंगरावरून तो जो चिरकतो, अंगावर काटा येतो.

भटक्या_जर्सी
१७ जानेवारी, २.००

तो आवाज त्याचा नाहीच. दुसऱ्याच एका पक्ष्याचा, रेड-टेल्ड हॉकचा आवाज वरून चिकटवतात. खऱ्या बाल्ड ईगलचा आवाज बारीक, तुटक. किलकिल केल्यासारखा. एखाद्या पैलवानाने तोंड उघडावं आणि बालगंधर्वांच्या काळातली नाटकातली नायिका हसावी, तसं. एकदा ओळखलात की झाडीत न दिसताही कळतं की आहे.

पारिजातक
१८ जानेवारी, पहाटे ४.४०

आई: "तो मोठा हसतो गो, मी केव्हाची सांगते."
मी तेही बॉयलरचा आवाज म्हणून मोडीत काढलं होतं. नोंद घ्यावी.

एक गडबड झालीय. थोरला (सहा वर्षांचा) बाबाबरोबर नदीकाठी गेला होता. तिथून एक हे एवढं मोठं पीस घेऊन आला, दीड फूट तरी असेल. सोमवारी शाळेत दाखवायला न्यायचंय म्हणतो. छान धुऊन ठेवलंय. चालेल ना?

भटक्या_जर्सी
१८ जानेवारी, ८.०५

अजिबात नाही! जिथून आणलं तिथे नेऊन ठेवा. गरुडाचं पीस जवळ बाळगणं गुन्हा आहे, जमिनीवर पडलेलं सापडलं तरी. कायदा १९४० चा आहे, पहिल्या गुन्ह्यालाही एक लाख डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत तुरुंग होऊ शकतो. पीस कुठून आलं हे सिद्ध करता येत नाही ना, म्हणून सरसकट बंदी. नाहीतर प्रत्येक शिकारी 'पडलेलं सापडलं' म्हणेल.

मेलेले पक्षी आणि पिसं सरकार डेन्व्हरजवळच्या एका भांडारात पाठवतं आणि तिथून ती मूळ अमेरिकन जमातींच्या लोकांना धार्मिक विधींसाठी अर्ज केल्यावर मिळतात. त्यांच्यासाठी ते पीस फार पवित्र.

सहा वर्षांच्या पोराला कुणी पकडायला येणार नाही, पण तरी. आणि हात साबणाने धुवा. या हिवाळ्यात बर्ड फ्लू आहे, घरात तान्हं बाळ आहे. मेलेला हंस किंवा बदक दिसलं तर हात लावू देऊ नका.

पारिजातक
१८ जानेवारी, ११.३०

ठेवून आलो. खूप रडला. मग बाबाने सांगितलं की गरुड ते परत न्यायला येणार आहे. आता तो खिडकीतून पहारा देतोय, आजीच्या शेजारी स्टूल टाकून. दोघांचं एकमत आहे की आईला (म्हणजे मला) काही दिसत नाही.

पोकोनोचा_पाहुणा
१९ जानेवारी, ९.१५

आनंदाच्या धाग्यात माशी शिंकवतो, पण लिहायला हवं. मी पेनसिल्व्हेनियात जखमी पक्ष्यांच्या केंद्रात शनिवारी मदत करतो. आमच्याकडे येणाऱ्या गरुडांत शिशाची विषबाधा नेहमीची. हरणाची शिकार झाल्यावर आतडी जंगलात टाकून देतात, त्यात गोळीचे शिशाचे कण असतात. हिवाळ्यात मासे मिळेनासे झाले की हे त्यावर उतरतात. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडासुद्धा जीव घेतो. २०२२ मध्ये ३८ राज्यांतल्या १,२१० गरुडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बाल्ड आणि गोल्डन दोन्हींत जवळजवळ निम्म्या पक्ष्यांच्या हाडांत शिसं साचलेलं आढळलं.

विषबाधा झालेला गरुड बघवत नाही. मान टाकतो, पायाच्या मुठी वळतात, उभा राहता येत नाही. मी शिकारीविरुद्ध नाही, माझे अर्धे शेजारी शिकारी आहेत. तांब्याच्या गोळ्या मिळतात, थोड्या महाग आहेत. त्यातल्या दोघांनी बदलल्या.

खारूताई
१९ जानेवारी, ९.४०

हे माहीतच नव्हतं. लिहिलंत ते बरं केलंत.

मिनेसोटाचा_माधव
२० जानेवारी, ७.३०

उशिरा आलो. आज इथे उणे २५ आहे म्हणून घरीच. वाबाशाला मिसिसिपीच्या काठी नॅशनल ईगल सेंटर आहे, तिथे नदी पूर्ण गोठत नाही म्हणून जानेवारीतही भरपूर दिसतात. उडू न शकणारे, बरे केलेले गरुड आत हातभर अंतरावर बघायला मिळतात. माझ्या वडिलांना नेलं होतं. ते पाच मिनिटं एकटक बघत राहिले आणि म्हणाले, "हा आपल्याकडे बघतच नाही रे." खरंय. आपण त्याच्या हिशेबात नसतो.

गंमत म्हणजे अलास्कात, जिथे हे धोक्याच्या यादीत कधीच नव्हते, तिथे १९१७ ते १९५३ सरकार गरुड मारायला बक्षीस देत होतं. साल्मन खातात म्हणून. एक लाखाहून जास्त मारले. तिकडे डच हार्बरला लोक आजही त्यांना कबुतर म्हणतात, इतके आहेत.

पारिजातक
९ एप्रिल, रात्री ११.५०

धागा वर काढतेय.

आमचा सिकमोरवाला पानं फुटायला लागल्यापासून दिसेनासा झालाय. घरटं कुठे आहे कळलं नाही, आणि शोधायला गेलो नाही (भटक्या, नोंद घ्या). तपकिरी पोर मात्र मार्चभर यायचं. त्याच्या पोटावर पांढरे डाग आहेत, म्हणजे दुसरं-तिसरं वर्ष, बरोबर ना? आता कळायला लागल्यावर मला गेल्या आठवड्यात किराणा दुकानाच्या वाहनतळावर एक दिसला. डोकं मळकट, डोळ्यावर पट्टी. चार वर्षांचा! मी ट्रॉली सोडून उभी. मागची बाई हॉर्न वाजवत होती.

आई काल परत गेली. विमानतळावर बाळाला सोडताना नाही रडली, पण खिडकी कोण सांभाळणार म्हणाली. मी तिच्या फोनवर बिग बेअरच्या कॅमेऱ्याची लिंक लावून दिलीय. कॅलिफोर्नियातलं ते जॅकी आणि शॅडो या गरुड-जोडीचं घरटं. २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षं त्यांची अंडी उबली नाहीत, या वर्षी मार्चमध्ये तिन्हीतून पिल्लं झाली. त्यातलं एक बर्फाच्या वादळात गेलं. दोन आहेत.

भटक्या_जर्सी
१० एप्रिल, ७.१५

दुसरं-तिसरं वर्ष, शंभर टक्के. किराणा दुकानवालासुद्धा बरोबर. आता तुम्हाला स्वयंसेवक करून घ्यायला हरकत नाही. जानेवारीत फॉर्म पाठवतो, बाळ तोवर एक वर्षाचं होईल.

लेन्सवाला
१० एप्रिल, १०.३०

कोनोविंगोला जाऊन आलो. ४०० फोटो, त्यातले ३ बरे. चादर विसरलो. एक वायपर गेला.

पारिजातक
८ जून, सकाळी ८.२०

शेवटची बातमी. बिग बेअरची दोन्ही पिल्लं उडाली. मला ही बातमी गुहागरहून कळली.

कॅलिफोर्नियात सकाळ होते तेव्हा आईकडे तिन्हीसांज. देवापाशी दिवा लावून झाला की ती फोन समईशेजारी उभा करून बसते, शेजारच्या दोघी-तिघी पण येतात. मधली एक व्हॉट्सअ‍ॅप ध्वनिफीत तशीच्या तशी लिहितेय: "अगो, मोठं पिल्लू धाकट्याला मासा खाऊ देत नाही, त्याची आय नुसती बघत बसलीय. तिकडच्या लोकांना कळव कुणाला तरी."

टिवल्याबावल्या
८ जून, ८.३५

कळवलं का?